मेलेले वानर, गोचीड आणि गावाची जबाबदारी

राजापूर तालुक्यातील नाटे व त्याच्या आसपासच्या गावांत थंडी ओसरू लागली की शेतकऱ्याची पावले सड्याकडे आणि डोंगराकडे वळतात. भाताचे काम संपलेले असते. आंब्याला फळ धरू लागते, काजूची बोंडे पिकू लागतात. पुढील खरिपाच्या राबासाठी कवळ तोडणे, पातेरा गोळा करणे, पावसाळ्याचा लाकूडफाटा आणणे ही कामे याच दिवसांत उरकावयाची असतात. नेमक्या याच दिवसांत वानरांच्या टोळ्या बागांत उतरतात. कोवळे फळ तोडून टाकणारे व घरांची कौले फोडणारे हे जनावर शेतकऱ्याला नकोसे झाले आहे, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. म्हणून बागेच्या कडेला एखादे वानर मरून पडलेले दिसले, तर ‘बरे झाले, एक पीडा टळली’ असे म्हणून मनुष्य पुढे जातो. फार तर दुर्गंधी नको म्हणून काठीने ते धूड व्हाळात लोटून देतो.

हा उद्गार आणि ही कृती या दोन्ही गोष्टी आता सोडून देणे आवश्यक आहे. मेलेले वानर ही एका गंभीर आजाराची पहिली वर्दी असू शकते. ती वर्दी दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरांना मिळत नाही, प्रयोगशाळेला मिळत नाही. ती मिळते ती बागेत जाणाऱ्या शेतकऱ्याला, गुराख्याला आणि काजू वेचणाऱ्या बाईला. माकडताप ओळखण्याचे काम दवाखान्याच्या दारात सुरू होत नाही. ते त्याआधी, रानाच्या वाटेवर सुरू होते. ही गोष्ट गावाने आणि गावात काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने पक्की ध्यानात धरली पाहिजे.

रोगाची ओळख कशी झाली

१९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मोठ्या संख्येने मरू लागली. त्याच सुमारास जंगलाच्या कडेच्या गावांतील माणसेही तीव्र तापाने आजारी पडली. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झालेले होते. आज त्याच संस्थेला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. तेथील शास्त्रज्ञ शिमोग्यास गेले. माकडे मरत आहेत आणि माणसे तापाने फणफणत आहेत हे पाहून प्रथम पीतज्वराची शंका घेण्यात आली. पीतज्वर भारतात शिरला असता तर ते फार मोठे संकट ठरले असते. परंतु शोधाअंती हा विषाणू निराळा निघाला. रशियातील गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे नाते जुळले, आणि येथेही तो गोचिडीमार्फतच पसरतो असे सिद्ध झाले. ज्या जंगलात तो सापडला त्याचे नाव रोगाला मिळाले आणि ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’, थोडक्यात केएफडी, हे शास्त्रीय नाव रूढ झाले.

तेथील खेडूतांनी मात्र या रोगाला ‘मंगन कायिले’ म्हणजे माकडाचा आजार असे नाव दिले. माकड मेले की माणूस आजारी पडतो, हा संबंध रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसांच्या नजरेतून सुटला नाही. शास्त्राने तो कसा घडतो ते दाखवून दिले. गावकऱ्यांचे निरीक्षण किती मोलाचे असते याचा हा उत्तम दाखला होय.

पुढील अनेक वर्षे हा रोग मुख्यतः कर्नाटकातील काही जिल्ह्यांपुरताच आहे असे मानले जात असे. तो समज टिकला नाही. २०१२ नंतर केरळ व तमिळनाडूच्या डोंगराळ भागांत तो आढळला. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात त्याची साथ आली, आणि तेथे काजूच्या बागांत काम करणारे लोक त्यात सापडले. २०१६ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातील केर गावाच्या परिसरात तो प्रकट झाला. पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही त्याचे रुग्ण आढळले. राजापूर तालुक्याची दक्षिण सीमा त्याच सिंधुदुर्ग जिल्ह्याला भिडलेली आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. दोडामार्ग आणि नाटे यांत फरक आहे. दोडामार्गचा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा, दाट व ओलसर रानाचा. नाट्याचा सडा बराचसा उघड्या कातळाचा, आणि एका बाजूस समुद्र. तेव्हा दोन्ही ठिकाणचा धोका सारखाच आहे असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु काजूच्या बागा, वानरांच्या टोळ्या, मोकळी चरणारी गुरे आणि रानात जाऊन पोट भरणारी माणसे या चारही गोष्टी दोन्हीकडे आहेत. शिवाय माणसे कामासाठी, सोयरिकीसाठी, जत्रेसाठी इकडून तिकडे जातात आणि ताप येतो तो घरी परतल्यावर. म्हणून रोग आपल्या गावात नाही, एवढ्यावर त्याची ओळख करून घेण्याचे टाळणे हितावह नव्हे. घराला आग लागल्यावर विहीर खणावयास बसू नये, हे शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाही.

गोचिडीचे वर्षभराचे चक्र

गुरांच्या अंगावरची गोचीड शेतकऱ्याला नवी नाही. परंतु गोचिडीच्या जाती अनेक आहेत. गोठ्यातील गुरांच्या कासेला व कानाला जी नेहमी चिकटलेली दिसते, ती बहुधा निराळ्या जातीची असते. माकडतापाचा प्रसार मुख्यत्वे रानातील पातेऱ्यात वाढणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या गोचिडीमुळे होतो. तिला शास्त्रीय भाषेत हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा असे नाव आहे. तेव्हा प्रत्येक गोचीड चावली की माकडताप होणार, असे समजण्याचे कारण नाही.

या गोचिडीला वाढीच्या तीन अवस्था आहेत आणि प्रत्येक अवस्थेत ती एका जनावराचे रक्त पिऊन खाली गळून पडते. पावसाळ्यात पूर्ण वाढलेली गोचीड गुरे व इतर मोठ्या जनावरांच्या अंगावर चढते. रक्त पिऊन टंच झालेली मादी जमिनीवर पडते व पातेऱ्याखाली अंडी घालते. पाऊस संपल्यावर त्या अंड्यांतून सहा पायांची अतिसूक्ष्म पिले निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी व माकडे यांचे रक्त पितात. त्यांतील काही प्राण्यांच्या रक्तात विषाणू असेल तर तो पिलाच्या शरीरात शिरतो आणि पुढील अवस्थेतही तेथेच राहतो. ही दुसरी अवस्था आठ पायांची परंतु तिळापेक्षा फारशी मोठी नसलेली असते. तिचा सुकाळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो, आणि माणसाला चावते ती बहुतेक वेळा हीच.

आता शेतकऱ्याने आपल्या कामाचे वेळापत्रक या चक्राशेजारी ठेवून पाहावे. डिसेंबर ते मे हे रोगाचे महिने होत. कवळ तोडण्याचे, पातेरा झाडून आणण्याचे, काजू वेचण्याचे आणि बागेत राखण करण्याचे महिनेही तेच. काजू वेचणारा वाकून, पातेऱ्यात हात घालून काम करतो. लहानशा गोचिडीचा चावा दुखत नाही. अनेकदा तो समजतही नाही. त्यामुळे ‘मला गोचीड चावलीच नाही’ असे रुग्णाने सांगितले तरी त्यावर विसंबता येत नाही. तो कोठे कामाला गेला होता, हे विचारणे अधिक महत्त्वाचे होय.

माकडाचे स्थान या साखळीत वेगळे आहे. माणसाप्रमाणेच वानर आणि लाल तोंडाचे माकड यांनाही हा रोग होतो व त्यात ते दगावतात. जनावर मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी त्या जागी गळून पडतात. अशा रीतीने ज्या झाडाखाली वानर मेले, ते झाड विषाणू असलेल्या गोचिडींचे आगर बनते. त्याच झाडाखाली दुसऱ्या दिवशी एखादा मजूर भाकरी सोडून बसतो. ‘पीडा टळली’ असे म्हणून पुढे गेलेल्या माणसाला या गोष्टीची कल्पना नसते.

लक्षणे आणि त्यांचा क्रम

गोचीड चावल्यापासून साधारणतः तीन ते आठ दिवसांत आजार सुरू होतो, तो एकाएकी. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून अंथरुणाला खिळतो. जोराचा ताप, कपाळात तीव्र वेदना, मान, कंबर व पोटऱ्या पिळवटून निघाल्यासारखे अंगदुखणे ही पहिली लक्षणे. डोळे लाल होतात. पुढे उलट्या, पोटदुखी व जुलाब होऊ शकतात. काही रुग्णांना नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाते. रक्त तपासल्यास त्यातील पांढऱ्या पेशी व रक्त गोठविणाऱ्या पेशी कमी झालेल्या आढळतात. थकवा इतका येतो की ताप उतरल्यावरही कित्येक दिवस रुग्णास काम करवत नाही.

बहुसंख्य रुग्ण एक ते दोन आठवड्यांत सावरू लागतात. परंतु शंभरातील दहा ते वीस जणांच्या बाबतीत रोग पुन्हा उलटतो. एकदा ताप उतरून एक-दोन आठवडे बरे वाटते आणि मग पुन्हा ताप येतो. या वेळी तीव्र डोकेदुखी, हातापायांना कंप, भ्रम, दृष्टी अंधूक होणे अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. म्हणून पहिला ताप उतरताच रुग्णाला बागेत परत पाठविणे धोक्याचे आहे. निदान दोन आठवडे त्याच्यावर घरच्या माणसांनी लक्ष ठेवावे.

या रोगाने शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच दगावतात. हे प्रमाण ऐकावयास लहान वाटते. परंतु कर्त्या माणसाच्या जाण्याने एखाद्या घरावर काय ओढवते, हे वाडीवस्तीवर राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

या विषाणूवर खात्रीचे असे विशिष्ट औषध नाही. मात्र याचा अर्थ इलाज नाही असा होत नाही. शरीरातील पाणी टिकविणे, रक्तस्रावावर नजर ठेवणे, गरजेप्रमाणे रक्त देणे, मेंदूवरील परिणाम वेळीच ओळखणे ही सर्व कामे रुग्णालयात होऊ शकतात आणि त्यांनी प्राण वाचतात. घरी बसून अंगदुखीच्या गोळ्या घेत राहणे मात्र घातक ठरते. रक्तस्रावाचा संभव असल्यामुळे ॲस्पिरिनसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊच नयेत. कर्नाटकात १९९० पासून एक लस वापरण्यात येत होती. तिची उपयुक्तता कमी आढळल्याने २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला आणि नव्या लसीसाठी प्रयत्न सुरू झाले. तेव्हा सध्या तरी सावधगिरी आणि लवकर ओळख हीच गावाची लस होय.

निदान कोठे हुकते

कोकणातील माणसाला ताप नवा नाही. पावसाळ्यात लेप्टो, त्याच्या मागे-पुढे हिवताप व डेंगी. या सर्व आजारांचा आरंभ जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे रुग्ण ‘ताप आहे, अंग मोडते’ एवढेच सांगतो, एखादे इंजेक्शन घेतो आणि घरी जातो. डॉक्टरही समोर आलेल्या हकिगतीवरच तर्क करणार. ज्या गोष्टी त्यांना सांगितल्याच नाहीत, त्या त्यांनी ओळखाव्या अशी अपेक्षा धरणे न्याय्य नव्हे.

समजा, फेब्रुवारीत एक बाई चार दिवस दुसऱ्याच्या बागेत काजू वेचण्यास गेली. त्या बागेच्या वरच्या अंगाला आठवड्यापूर्वी एक वानर मेलेले होते. ते राखणदाराने पाहिले, पण कोणास सांगितले नाही. बाईला ताप आला. तिने डॉक्टरांना ताप सांगितला, काजूची बाग सांगितली नाही, कारण रोजच्या कामात सांगण्यासारखे काय आहे असे तिला वाटले. आता या हकिगतीत दोन वाक्ये गळली. ती दोन वाक्ये मिळाली असती, तर पहिल्याच दिवशी शंका आली असती, रक्ताचा नमुना योग्य प्रयोगशाळेकडे गेला असता आणि बाईला घरी न पाठविता रुग्णालयात ठेवले गेले असते. रक्तातील विषाणूचा शोध आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच चांगला लागतो. अशा वेळी दोन दिवसांचा विलंबही लहान नसतो.

म्हणून डिसेंबर ते मे या काळात कोणासही एकाएकी जोराचा ताप आला तर तीन प्रश्न विचारण्याची सवय गावाने लावून घ्यावी. गेल्या पंधरा दिवसांत हा माणूस रानात, काजूच्या किंवा आंब्याच्या बागेत, अथवा गुरांमागे गेला होता काय? त्या भागात मेलेले किंवा मलूल पडलेले वानर कोणी पाहिले काय? माकडताप आढळलेल्या मुलखात त्याचे जाणे-येणे झाले काय? या प्रश्नांची उत्तरे रुग्णाने न विचारता डॉक्टरांना सांगावीत. ऋतू आणि काम यांवरून रोग सिद्ध होत नाही, तो रक्ताच्या तपासणीनेच सिद्ध होतो. परंतु तपासणी करावी की नाही, हे या उत्तरांवर ठरते.

या संदर्भात आंबाबागांत झोपडी करून राहणाऱ्या नेपाळी राखणदारांचा विशेष उल्लेख केला पाहिजे. ते रात्रंदिवस बागेत असतात, वानरांना हाकलण्याचे काम तेच करतात, आणि गावातील माहितीच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावीत नाही. त्यांना ही माहिती त्यांना समजेल अशा भाषेत देणे आणि ताप आल्यास दवाखान्यात पोहोचविणे ही बागमालकाची जबाबदारी मानली गेली पाहिजे.

करावयाच्या गोष्टी

मेलेले वानर किंवा माकड दिसल्यास त्यास हात लावू नये, काठीने ढकलू नये, पुरू नये व व्हाळात टाकू नये. मुलांना व कुत्र्यांना त्या जागेपासून दूर ठेवावे. सरपंच, पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती किंवा पशुवैद्यकीय दवाखाना यांपैकी जो जवळ असेल त्यास त्याच दिवशी वर्दी द्यावी. त्यांनी ती वनविभाग, आरोग्य विभाग व पशुसंवर्धन विभाग या तिघांकडे पोहोचवावी. मृत जनावराची तपासणी, त्याची विल्हेवाट आणि त्या जागी गोचीडनाशक औषध टाकणे ही कामे संरक्षक पोशाख घातलेल्या जाणकारांचीच आहेत. ती पुरी होईपर्यंत त्या भागातील काम थांबवावे. प्रत्येक मेलेले वानर या रोगानेच मेलेले असते असे नाही. विजेच्या तारेने, भांडणाने, म्हातारपणानेही ते मरते. परंतु कारण ठरविण्याचे काम पाहणाऱ्याचे नव्हे, पाहणाऱ्याचे काम वर्दी देण्याचे होय.

रानात जाताना अंग झाकणारे कपडे घालावे, विजारीचे पाय मोज्यांत किंवा बुटांत खोचावे. हातापायांना गोचीड प्रतिबंधक तेल लावावे. साथीच्या भागात आरोग्य विभागाकडून असे तेल पुरविण्यात आलेले आहे. पातेऱ्यावर थेट बसू नये, निजू नये. घरी येताच कपडे गरम पाण्यात भिजवावे, साबणाने आंघोळ करावी आणि काखा, जांघा, कंबर, कानामागची जागा व केस तपासावे. लहान मुलांची तपासणी मोठ्यांनी करावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतणे, विडीने डागणे किंवा ती बोटांनी चिरडणे हे तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. नंतर हात व ती जागा साबणाने धुवावी.

पायवाटा, गोठ्याची भोवतालची जागा आणि बागेतील बसण्याउठण्याची ठिकाणे पातेरामुक्त ठेवावी. शंकास्पद भागातील पातेरा गोठ्यात अंथरण्यासाठी आणू नये. मात्र गोचीड मारण्याच्या नावाखाली रान पेटवू नये. वणव्याने काजू-आंब्याची कलमे जातात व जमीन उघडी पडते.

गुरांकडे पाहण्याची दृष्टी

माकडतापाने गाय-बैल आजारी पडत नाहीत, आणि विषाणू पसरविण्यातही त्यांचा वाटा नगण्य आहे. परंतु पूर्ण वाढलेल्या गोचिडीला पोटभर रक्त देणारे जनावर म्हणून गुरांचे महत्त्व मोठे आहे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनी १९६९ साली या मुद्द्याकडे लक्ष वेधले. रान तोडून शेती वाढली, रानाच्या कडेला घाणेरीसारखी झुडपे माजली, आणि त्यांत गुरे चरावयास जाऊ लागली की गोचिडींची पैदास फोफावते, असे त्यांचे विवेचन होते. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात जी मोठी साथ आली, तिच्यापूर्वी तेथील मोठे रान काजूलागवडीसाठी तोडण्यात आले होते. त्या साथीत एक हजाराहून अधिक लोक आजारी पडले व शंभराहून अधिक मृत्युमुखी पडले.

या इतिहासावरून काजू लावू नये असा निष्कर्ष काढणे वेडेपणाचे होईल. काजू हा कोकणातील लहान शेतकऱ्याचा आधार आहे. परंतु नवी लागवड करताना माजलेली झुडपे काढणे, वाटा स्वच्छ ठेवणे आणि गुरे मोकाट न सोडणे ही कामे लागवडीच्या खर्चातच धरली पाहिजेत, एवढे मात्र निश्चित. गुरांवरील गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, सांगितलेल्या प्रमाणातच औषध वापरून करावा. पिकावर फवारण्याचे कीटकनाशक गुराच्या अंगावर चोळण्याची चाल अत्यंत घातक आहे. त्यात गुरालाही विषबाधा होते व चोळणाऱ्यालाही. औषध दिल्यानंतर किती दिवस दूध वापरू नये, हेही विचारून घ्यावे. गोचिडीचा बंदोबस्त हा शेतकऱ्याच्या पदरी दुहेरी लाभ टाकणारा आहे. थायलेरिया आणि लाल मूत्र हे संकरित गायींना मारणारे रोगही निरनिराळ्या गोचिडीच पसरवितात. ज्याच्या गोठ्यात गोचीड नाही, त्याचे दूधही टिकते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, या रोगाची चर्चा केल्याने भीती पसरेल, मजूर बागेत येणार नाहीत आणि ऐन हंगामात नुकसान होईल. आक्षेप पोटातून आलेला आहे, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु भीती माहितीने वाढत नाही, ती अर्धवट माहितीने वाढते. हा रोग काजूच्या बीतून किंवा फळातून पसरत नाही. तो एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. म्हणून रुग्णाला किंवा त्याच्या घराला वाळीत टाकण्याचे काहीही कारण नाही. ज्या बागेत वाटा साफ आहेत, मजुरांना तेल मिळते आणि मेलेल्या वानराची वर्दी लपविली जात नाही, त्या बागेत मजूर विश्वासाने येतील. वर्दी दडपणाऱ्याचा एक हंगाम कदाचित सुटेल, परंतु साथ आल्यावर सगळ्या गावाचा हंगाम जातो.

दुसरा आक्षेप असा की, वानरे हेच रोगाचे मूळ असेल तर ती मारून टाकावीत. हा विचार शेतकऱ्याच्या मनातील रागाला पटणारा आहे, पण शास्त्राला पटणारा नाही आणि कायद्यालाही नाही. विषाणूचे वास्तव्य गोचिडीत व रानातील लहान प्राण्यांतही असते. वानर मारल्याने ते संपत नाही. उलट मारलेल्या वानराच्या अंगावरील गोचिडी तेथेच गळतात, आणि त्याला हात लावणाऱ्यालाही धोका पोहोचतो. वानरांमुळे होणारे पिकाचे नुकसान हा खरा व गंभीर प्रश्न आहे. तो भरपाईच्या व बंदोबस्ताच्या मार्गाने स्वतंत्रपणे सोडवावा लागेल. त्याची रोगाशी गल्लत केल्यास दोन्ही प्रश्न बिकट होतील.

गावाने घ्यावयाचा निर्णय

नाटे हे समुद्र आणि सडा यांच्यामध्ये वसलेले गाव आहे. साखरी नाट्याचा मच्छीमार होडी लोटण्यापूर्वी आभाळ पाहतो, वारा पाहतो. वादळ आले नाही म्हणून तो त्या दिवशीचे पाहणे फुकट गेले असे म्हणत नाही. डोंगरात जाणाऱ्या शेतकऱ्यानेही त्याच नजरेने रान पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.

यासाठी मोठा खर्च नको. हंगाम सुरू होण्यापूर्वी, नोव्हेंबरच्या सुमारास, एक ग्रामसभा या विषयासाठी द्यावी. मेलेल्या वानराची वर्दी कोणी कोणास द्यावयाची ते नाव घेऊन ठरवावे आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. आशा कार्यकर्तीने तापाच्या रुग्णास तीन प्रश्न विचारावे. कृषी कर्मचाऱ्याने बागेच्या भेटीत कीड-रोगाबरोबर पातेरा व वाटाही पाहाव्या. पशुधन पर्यवेक्षकाने गोठ्यातील गोचीड पाहावी. ही कामे वेगवेगळ्या खात्यांची असली तरी बाग, गोठा आणि घर एकाच शेतकऱ्याचे असते.

बागेत वानर मेले तर ती आनंदाची बाब नव्हे आणि घाबरण्याचीही नव्हे. ती सांगण्याची बाब आहे. जो ती त्याच दिवशी सांगतो, तो कदाचित आपल्याच वाडीतील एखाद्या माणसाचा जीव वाचवितो, आणि कोणाचा वाचविला हे त्याला कधी कळणारही नाही.